चालक १७४३२ यांचा खुलासा

“हंबीर, हे गोठवलं म्हंजी काय रं?”

नानासोनं टॅबलेट माझ्या नाकासमोर धरला. मी नुकताच चहाचा पहिला घोट घेतला होता. पडद्यावर लाल चौकटीत लिहिलं होतं: ‘संशयास्पद मतांमुळे आपलं खातं गोठवण्यात आलं आहे. सात दिवसांत स्पष्टीकरण द्यावं.’

“बर्फात ठिवलंय तुला,” मी म्हणालो.

“चेष्टा नगं. दिवाळी पाडवा पंधरा दिवसांवर आलाय. आन् माज्यावर संशय कसला?”

संशय कसला ते मला त्या क्षणी कळलं होतं. पण मी बशीत बघत राहिलो. आयुष्यभर कंडक्टरकी केलेल्या माणसाला तोंड कोरं ठेवता येतं, तसं मी ठेवलं.

नानासो माने एसटीचा ड्रायव्हर आणि मी हंबीरराव, त्याचा कंडक्टर. दोघंही रहिमतपूरचे आणि दोघांचीही सगळी नोकरी वाई डेपोत झाली. ड्युट्या बदलायच्या, माणसं बदलायची, पण महाबळेश्वरच्या गाडीवर बहुतेक वेळा आमचीच जोडी असायची. पसरणीचा घाट आम्ही बावीस वर्षं चढलो आणि उतरलो. पावसाळ्यात धुकं इतकं दाट यायचं की समोरच्या काचेपलीकडं काही दिसायचं नाही. तेव्हा मी बॅटरी घेऊन खाली उतरायचो आणि गाडीच्या पुढं चालायचो. मागून नानासो माझ्या चालीनं गाडी आणायचा. त्या बावीस वर्षांत त्याच्या गाडीनं कुणाच्या कोंबडीलासुद्धा धक्का लावला नाही. हे मी मित्र म्हणून सांगत नाही, त्या गाडीत होतो म्हणून सांगतो.

रिटायर झाल्यावर मात्र त्याचं बिनसलं. ओट्यावर बसल्या बसल्या त्याचा उजवा पाय जमीन दाबत राहायचा. हरणाबाई वहिनी म्हणायच्या, “भाऊजी, ह्यांनी ब्रेक दाबून दाबून माजी फरशी झिजवली बगा.” शेवटी पुण्याच्या मुलानं टॅबलेट आणून दिला आणि त्यात ‘घाटरस्ता’ नावाचा खेळ भरून दिला. त्यात बस चालवायची. पहिल्याच दिवशी नानासोची बस चार वेळा दरीत गेली. ज्यानं उभ्या जन्मात गाडीला ओरखडा पाडला नाही त्याची बस चार वेळा दरीत! दोन दिवस त्यानं टॅबलेटला हात लावला नाही. मग हट्टानं बसला आणि आठवडाभरात ती गाडी त्यानं ताब्यात घेतली.

हा खेळ खेळणारी हजारो माणसं आहेत आणि त्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. त्याचं नाव घाटकट्टा. कुणाची गाडी अडकली की तो तिथं प्रश्न लिहितो आणि जाणकार उत्तर देतात. नानासोनं आपल्या नोकरीतल्या नंबरावर खातं काढलं, ‘चालक १७४३२’, आणि एका बोटानं टाइप करत तीन वर्षांत अकराशे साठ उत्तरं दिली. कुणी नाशिकचा, कुणी दुबईला गेलेला. घाट उतरताना गिअर कोणता, ब्रेक किती, चढणाऱ्या गाडीला वाट कुठं द्यायची, सगळं तो खऱ्या गाडीचं सांगायचा आणि ते खेळातल्या गाडीला लागू पडायचं. मला त्यातलं अर्धं कळायचं नाही, पण त्याचा तो पाय जमीन दाबायचा थांबला एवढं मला कळलं.

आता त्या कट्ट्याचा कारभार ऐका. तिथं गुण मिळतात. रोज नुसती हजेरी लावली की दहा गुण. उत्तर दिलं की दोन. वाचणाऱ्यानं ‘उपयोगी’ असं बटण दाबलं तर पाच. म्हणजे येऊन तोंड दाखवलं तर दहा, आणि तासभर बसून कुणाची गाडी दरीतून वर काढली तर दोन. नानासोला हे कधीच पटलं नाही. “डेपोत सही करून घरी जाणाऱ्याला कुणी बिल्ला दिला व्हता का रं?” तो विचारायचा.

त्यात ते शिस्तीचे रखवालदार. त्यांना मॉडरेटर म्हणतात, आणि अर्धं काम तर माणूस नव्हे, यंत्रच करतं. एकदा नानासोनं कुणाला तरी लिहिलं, ‘आरं येड्या, ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरतोस व्हय? आधी सांग, जेवलास का?’ लगेच दोन ताकिदी आल्या. एक अपशब्दाबद्दल आणि दुसरी विषय सोडून बोलल्याबद्दल. “जेवलास का म्हणणं इषय सोडून झालं?” म्हणून तो दिवसभर पुटपुटत होता.

पण खरा घाव घातला तो ‘स्पीडकिंग’ नावाच्या एकानं. नानासोनं घाट उतरण्यावर एक लांबलचक लेख लिहिला होता. ह्या बहाद्दरानं तो उचलला, त्याचे बारा तुकडे केले, प्रत्येकाला रंगीत चित्र लावलं आणि बारा वेळा गुण घेतले. नानासोनं तक्रार केली. उत्तर आलं: ‘दोन्हींत सारखा मजकूर आढळला. दुबार मजकूर नको म्हणून चित्रं नसलेला लेख काढून टाकण्यात आला आहे.’ म्हणजे चोराला बारा वेळा शाबासकी आणि ज्याच्या घरात चोरी झाली त्यालाच घराबाहेर काढलं! मी टॅबलेट विहिरीत टाकायला निघालो होतो. वहिनींनी अडवलं.

मग दसऱ्याच्या आसपास खेळाच्या कंपनीनं जाहीर केलं की दिवाळी पाडव्याला खेळात पसरणीचा घाट येणार. घाटाच्या पायथ्याशी एक फलक असणार आणि त्यावर मराठी कट्ट्यात सगळ्यात जास्त गुण असलेल्याचं नाव ‘मार्गदर्शक’ म्हणून लागणार. नानासो दुसरा होता. पहिला स्पीडकिंग, तीनशे गुणांनी पुढं.

नानासोनं टॅबलेट बंद केला. तो मागणारा माणूसच नव्हे. फक्त एका दुपारी शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा म्हणाला, “हंबीर, तिकिटावर तुजा नंबर असायचा न्हवं? माजा कुटंच नसायचा.” आणि पुढची शेंग फोडली.

एवढं मला पुरे झालं.

आता माझा गुन्हा. गाडी अर्धी रिकामी असली की मला कधी चैन पडायचं नाही. मी स्टँडवर उतरायचो, ओरडून ओरडून माणसं गोळा करायचो आणि गाडी भरूनच घंटी द्यायचो. तीच खोड इथं नडली. बाजाराच्या दिवशी मी फोन घेऊन चहाच्या गाड्यापाशी बसलो आणि येईल त्याचं घाटकट्ट्यावर खातं काढून दिलं. दोन तासांत एक्केचाळीस जणांची खाती निघाली. प्रत्येकानं नानासोच्या तीन-चार उत्तरांखालचं ‘उपयोगी’चं बटण दाबलं. एकही खोटं नाव नव्हतं. सगळी जिवंत माणसं, आणि आयुष्यात कधी ना कधी नानासोच्या गाडीत बसलेली. भाजीवाली सुलाबाई तर म्हणाली, “ह्यो खेळ कसला ते मला सांगूच नगंस. नानाचं हाय न्हवं? कुटं दाबायचं ते दाव.” संध्याकाळपर्यंत नानासो चारशे गुणांनी पुढं गेला आणि मी घरी जाऊन ऐटीत जेवलो.

सगळी खाती एकाच फोनवरनं काढली, हे त्या यंत्राला कळतं, एवढंच मला माहीत नव्हतं.

तर त्या दिवशी ओट्यावर नानासोनं स्पष्टीकरण लिहायला घेतलं. एसटीत मेमो आला की कामगार खुलासा लिहितो, आणि खुलाशाची एक रीत असते. त्यानं ती सोडली नाही. मला अजून तो पाठ आहे:

‘प्रति, मा. मॉडरेटर साहेब, घाटकट्टा. विषय: खाते गोठविल्याबाबत खुलासा. महोदय, वरील विषयास अनुसरून नम्रपणे लिहून देतो की, मी चालक क्रमांक १७४३२, आजपावेतो अकराशे साठ उत्तरे दिली आहेत. त्यात एकही उत्तर न तपासता दिलेले नाही. माझ्या हातून काय चूक झाली ते कळविल्यास योग्य ते उत्तर देईन. आपला विश्वासू, नानासो माने.’

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला फोन आला. नानासोनं स्पीकर लावला. मी शेजारीच होतो, वहिनी मेथी निवडत होत्या.

“नमस्कार काका. मी राजेश्वरी बोलतेय, सांगलीहून. घाटकट्ट्याची मॉडरेटर.”

नानासो उठून उभा राहिला. साहेबाचा फोन आला की तो बसून बोलत नाही.

“बोला म्याडम.”

“काका, आधी एक सांगते. चार वर्षं मी हे काम करतेय, नोकरी सांभाळून, विनामोबदला. लोक मला फक्त शिव्या लिहितात. इतका व्यवस्थित खुलासा पहिल्यांदा आला. आणि तुमची उत्तरं मी स्वतः वाचलीत. तुमचा तो लेख यंत्रानं काढला ते चुकलंच. पण आत्ताचा प्रश्न वेगळाय.” मग तिनं सगळं सांगितलं. एक फोन, दोन तास, एक्केचाळीस खाती, सगळी मतं एकाला. “मला फक्त एवढंच सांगा, ही खाती कुणी काढली? तुम्ही काढली नसतील तर त्या माणसाचं खातं कायमचं बंद होईल आणि ती मतं सोडून तुमचं सगळं तुम्हाला परत मिळेल. पाडव्याला अजून वेळ आहे. तीनशे गुण तुम्ही आरामात भरून काढाल.”

मी दोन्ही हातांनी स्वतःच्या छातीवर ठोकलं. सांग, माझं नाव सांग. माझं खातं गेलं तर काय आभाळ कोसळणार होतं? माझ्या खात्यावर सगळे मिळून साठ गुण होते, तेही हजेरीचे.

नानासोनं माझ्याकडं पाहिलं. मग तो फोनकडं वळला.

“म्याडम, गाडी माजी व्हती.”

“म्हणजे? तुम्हीच काढली खाती?”

“गाडीत जे झालं त्याला डायवर जबाबदार. गाडी माजी व्हती.”

तिलाही काहीतरी कळलं असावं, कारण तिचा आवाज खाली आला. “काका, मग मला तुमचं खातं बंद करावं लागेल. गुण जातील, आणि ती अकराशे साठ उत्तरंही कुणाला दिसणार नाहीत. पुन्हा यायचं तर शून्यापासून यावं लागेल. नीट विचार करा.”

“ज्यांस्नी पायजे व्हती त्यांनी वाचल्यात ती,” नानासो म्हणाला. “तुमी तुमचं काम केलंसा. ठेवू का म्याडम?”

फोन ठेवला आणि मी फुटलोच. “आरं अक्कल गहाण ठिवलीस का? मी केलं, मी! बाजारात बसून मी केलं! नाव घ्यायला जीभ झडत हुती व्हय तुजी?”

“वरडू नगंस. मला म्हाईत हाय.”

“काय म्हाईत हाय?”

तो खाली बसला. टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला. “त्याच दिवशी कळलं हुतं. आकडा भराभरा चढाय लागला तसं मी नावं उघडून बगितली. सुलाबाईचं नाव दिसलं. सुलाबाईला मोबाइलचं तोंड कुठलं ते ठावं न्हाई. म्हटलं, ह्यो हंबीरचा कारभार. त्याचा मेमो येईल असं वाटलं न्हाई, पर तवाच तुला हटकायला पायजे हुतं. न्हाई हटकलं.” मग तो म्हणाला, “ब्येस वाटलं रं. एवढी माणसं आपल्याला मानत्यात, असं वाटलं. नावं वाचत बसलो, पुन्हा पुन्हा. मग आता एकट्या तुला कसा हवाली करू?”

मी खाली बसलो आणि वहिनींच्या जुडीतली मेथी निवडायला लागलो.

वहिनींनी मेथीच्या काड्या गोळा केल्या. “दोगं बी सारखंच,” म्हणाल्या. “जेवाय वाढू का उपाशीच मिरवताय?”

खातं बंद झालं. बाजारात मी एकेकाला जाऊन सांगितलं की माझ्यामुळं नानाचं नुकसान झालं. लाज वाटली, पण सांगितलं. सुलाबाईनं भर चौकात माझी अशी हजेरी घेतली की पुढचे दोन आठवडे मी भाजी दुसरीकडून आणली.

पाडव्याला घाट आला. मी मुद्दाम सकाळीच गेलो. नानासोनं अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून टॅबलेट उघडला. वाईतून गाडी काढली, आणि पायथ्याशी तो फलक दिसला. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत: ‘मार्गदर्शक: स्पीडकिंग’. नानासोनं गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर देऊन घेतली, आणि पाटी वाचली. मी त्या किंगच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नानासो म्हणाला, “घाट मातुर झ्याक केलाय पोरांनी. कठडं बग, अगदी तसंच.” आणि गाडी पुन्हा रस्त्याला घेतली.

वर पोचल्यावर त्यानं नवीन खातं काढलं. ह्या वेळी नंबर नाही, सरळ ‘नानासो माने’ असं नाव दिलं. कट्ट्यानं त्याला सगळ्यात खालची पायरी दिली, ‘नवा प्रवासी’. तासाभरात स्पीडकिंगचा निरोप आला: ‘नवीन सभासदांनी प्रश्न विचारण्याआधी माझा बारा भागांचा मार्गदर्शक लेख वाचावा.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नानासोनं मात्र तो लेख खरोखर वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वतःचेच शब्द. मग चष्मा काढून म्हणाला, “तेरा ओळी गाळल्यात. वळणाच्या आदी गिअर पाडायचं लिवलं हुतं, त्येच गाळलंय. गाड्या जाणार आता खाली.”

आणि तसंच झालं. चौथ्या दिवशी दुपारी कट्ट्यावर एक प्रश्न आला. मी वाचून दाखवला, कारण नानासो चष्मा शोधत होता.

‘मी जयराज. मूळ वाईचा, सैन्यात आहे, सध्या अरुणाचलमध्ये. पाचगणीहून खाली येताना दुसऱ्या मोठ्या वळणावर माझी गाडी दरीत जाते. सोळा वेळा गेली. मार्गदर्शक लेख पाठ केला तरी जाते. ह्या दिवाळीलाही सुट्टी मिळाली नाही. निदान गेममध्ये तरी वाईला पोचू द्या.’

नानासोनं चष्मा लावला आणि टॅबलेट ओढून घेतला. एक बोट, एक एक अक्षर. ‘बाळा, वळण लांबून दिसलं की तिथंच दुसरा गिअर टाक. वळणात शिरल्यावर टाकू नको, उशीर होतो. ब्रेक सारखा दाबून ठेवू नको, दाब आणि सोड. गाडी इंजिनावर येऊ दे. खालून गाडी चढत असली तर थांब आणि तिला वाट दे. घाई करू नको, वाई कुठं जात नाही.’

उत्तर पाठवून आम्ही बसून राहिलो. वहिनींनी चिवडा आणून ठेवला, त्याला कुणी हात लावला नाही. नानासोचा श्वास मला ऐकू येत होता. तिकडं हजारो मैलांवर एक जवान खोटी बस घेऊन घाट उतरत होता आणि इकडं हा माणूस त्याच्याबरोबर एकेक वळण घेत होता. त्याच्याकडं बघताना माझी छाती अभिमानानं फुगली. फलकावर कुणाचं का नाव असेना, घाट ह्या माणसाचा होता, आणि मी ह्या माणसाचा कंडक्टर होतो.

वीस मिनिटांनी अक्षरं उमटली: ‘पोचलो. वाईच्या स्टँडवर उभा आहे. काका, खरंच पोचलो.’

खाली चौकट उघडली. ‘हे उत्तर उपयोगी वाटलं का?’ शेजारी शून्य.

माझा हात आपसूक पुढं गेला. नानासोनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो आणि त्या शून्याकडं बघत राहिलो. एक मिनिट गेलं, दोन गेली. जवानाच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला. तो बटण न दाबताच गेला होता.

“दाबलं न्हाई की रं त्यानं,” मी म्हणालो.

“घरी पोचलेला माणूस डायवरकडं वळून बगतो व्हय कवा?” नानासो म्हणाला. त्यानं चिवड्याची वाटी माझ्याकडं सरकवली आणि पुढचा प्रश्न उघडला.